द्राक्षबागेत सापडलेली जखमी धामण : घरी सांभाळता येईल का?

सुनंदा_मखमलाबाद (१४ जून, रात्री ९.४०)

नमस्कार मंडळी. २४ मे रोजी आमच्या नाशिकजवळच्या मखमलाबादच्या द्राक्षबागेत बांधावर पडलेल्या पक्षीजाळीच्या जुन्या गुंडाळ्यात एक धामण अडकलेली सापडली. लांबी पाच फुटांच्या आसपास असावी. सुटण्यासाठी तिने इतकी धडपड केली होती की जाळीचे दोरे मानेपासून वीतभर खाली दोन ठिकाणी खवल्यांखाली रुतले होते. गडीमाणसे काठी घेऊन धावली, परंतु माझा सोळा वर्षांचा भाचा सुटीसाठी आलेला होता, त्याने सर्वांना थांबवले. आम्ही दोघांनी नखे कापायच्या कात्रीने एकेक दोरा कापून तिला मोकळे केले, त्याला पाऊण तास लागला.

तेव्हापासून ती घरी आहे. पूर्वी मासे ठेवत असू ती तीन फुटी काचपेटी रिकामी होती, तिच्यात वाळू घालून वर लोखंडी जाळी ठेवली आहे. जखमेवर हळद लावतो. पहिले चार दिवस ती फार फुत्कारत असे, आता बरीच शांत झाली आहे. सकाळी सात ते अकरा ती काचेला तोंड लावून इकडून तिकडे फिरत खेळते, नंतर कोपऱ्यात पडून राहते. भाच्याने एक वही केली आहे आणि तिच्यात तो रोजची नोंद ठेवतो. एकच अडचण आहे, ती काही खात नाही. वाटीत दूध ठेवले, कोंबडीचे अंडे ठेवले, एकदा जिवंत उंदीरही सोडला, पण तिने कशालाच तोंड लावले नाही.

साप बिनविषारी आहे, शेतकऱ्याचा मित्र आहे आणि मुलाचा तिच्यावर जीव जडला आहे. धामण पाळता येईल का, आणि पाळायची असेल तर निगा कशी राखावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

गोदाकाठ (१४ जून, रात्री १०.०५)

सुनंदाताई, मी गेली बावीस वर्षे पंचवटी आणि म्हसरूळ परिसरात सर्पमित्र म्हणून काम करतो. तुम्ही आणि तुमच्या भाच्याने कात्रीने जाळी कापली, हे अतिशय योग्य केले. घाईने ओढून काढली असती, तर दोऱ्याबरोबर कातडीही सोलून निघाली असती. परंतु त्याच दिवशी वनविभागाला कळवायला हवे होते. धामण घरी पाळता येत नाही. उद्या सकाळी १९२६ या वनविभागाच्या मदत क्रमांकावर फोन करून सर्व हकिकत सांगा. तोपर्यंत तिला हाताळू नका, उंदीर पेटीत असेल तर आत्ताच बाहेर काढा आणि दुधाची वाटीही काढून टाका.

ओझरचा_मुसाफिर (१४ जून, रात्री १०.३२)

मला हे पटत नाही. ज्या मुलाने जीव वाचवला त्यालाच आपण गुन्हेगार ठरवत आहोत. दरवर्षी शेतांमध्ये किती धामणी काठीने मारल्या जातात, त्याबद्दल कोणी तक्रार करत नाही, आणि एका मुलाने प्रेमाने सांभाळली तर लगेच कायदा आठवतो. बाहेरच्या देशांत रॅट स्नेक (इंग्रजीत धामणीला हेच म्हणतात) सर्रास पाळतात, त्याच्या शेकडो चित्रफिती उपलब्ध आहेत. पेटी मोठी करावी, खाणे बदलून पाहावे, धामण माणसाळेल असे मला वाटते.

पशुवैद्य_सिन्नर (१४ जून, रात्री ११.१५)

सुनंदाताई, कायद्याची बाजू गोदाकाठ यांनी सांगितली आहे आणि मी तिच्याशी सहमत आहे. ही धामण निदान आजची रात्र तुमच्याकडे आहे, म्हणून आधी तिच्या प्रकृतीबद्दल लिहितो.

तुमच्या लेखनातील एका वाक्याने मला काळजी वाटली. सकाळी सात ते अकरा ती काचेला तोंड लावून फिरते, याला तुम्ही खेळ म्हटले आहे. तो खेळ नाही. धामण दिवसा हिंडणारा, अत्यंत चपळ साप आहे आणि सकाळचे ऊन चढते तोच तिचा भक्ष्य शोधण्याचा वेळ असतो. काच म्हणजे अडथळा, हे तिला उमगत नाही. पलीकडचा उजेड दिसतो, म्हणून वाट असेल असे समजून ती नाक घासत राहते. कृपया बॅटरीच्या उजेडात तिच्या नाकाचे टोक पाहा. ओठांच्या मधोमध, अगदी पुढे एक रुंद खवला असतो. तो लालसर झाला असेल, त्याची कड उडाली असेल किंवा तेथे ओल दिसत असेल, तर ती काचेने झालेली जखम आहे. तिथूनच पुढे जंतुसंसर्ग तोंडात शिरतो, हिरड्या सुजतात आणि मग खाणे आणखीच दुरावते.

आज रात्री करण्याजोगे एवढेच आहे. पेटीच्या चारही बाजूंना बाहेरून जाड कापड किंवा पुठ्ठा लावा, म्हणजे आरपार दिसणार नाही. वाळू काढून कोरे वर्तमानपत्र अंथरा, कारण वाळूचे कण जखमेत आणि तोंडात जातात. तिला वेटोळे करून बसता येईल एवढा एक पुठ्ठ्याचा खोका आत पालथा घालून त्याला दार ठेवा. तिला अंग बुडवून बसता येईल अशा जड, पसरट भांड्यात स्वच्छ पाणी ठेवा. पेटी उन्हात नेऊ नका, काचेची पेटी उन्हात काही मिनिटांत भट्टीसारखी तापते आणि सापाला सावलीत सरकायला जागा उरत नाही. हळद थांबवा. ती जखमेवर पापुद्रा धरते आणि आत काय चालले आहे ते दिसत नाही. पोव्हिडोन आयोडीन पाण्यात फिक्या चहाच्या रंगाइतके पातळ करून कापसाने एकदा हलकेच टिपा, बाकी उपचार प्रत्यक्ष तपासणीनंतरच होतील.

अन्न मात्र मुळीच भरवू नका. मोठा, धष्टपुष्ट साप कित्येक आठवडे न खाता राहू शकतो, परंतु पाण्यावाचून आणि भीतीखाली तो फार लवकर खचतो. जबरदस्तीने तोंड उघडून काही कोंबले तर ते उलटून पडते, आणि त्या उलटीने उपासापेक्षा जास्त हानी होते. जिवंत उंदीर तर कधीही सोबत ठेवू नये. न खाणाऱ्या सापाला उंदीर कुरतडतो, पाठीचा कणा उघडा पडेपर्यंत कुरतडलेले साप मी पाहिले आहेत.

ती शांत झाली असे तुम्ही म्हणता. रानातून आलेली धामण तीन आठवड्यांत माणसाळत नाही. फुत्कार थांबला असेल तर बहुधा तिची शक्ती कमी झाली आहे.

सुनंदा_मखमलाबाद (१४ जून, रात्री ११.५०)

डॉक्टरसाहेब, आत्ताच पाहिले. नाकाच्या टोकावरचा खवला खरोखरच अर्धा गेला आहे आणि आतले गुलाबी मांस दिसते. पेटीच्या काचेवर तिच्या तोंडाच्या उंचीला एक धूसर पट्टा उमटला आहे, तो मी रोज पुसत होते आणि मला वाटत होते की धूळ आहे. भाच्याच्या वहीत रोज सकाळच्या रकान्यात "काचेवर" एवढाच शब्द आहे, सलग एकवीस दिवस. कापड लावले, खोका ठेवला, पाणी ठेवले. ती लगेच खोक्यात शिरली.

दूरदेशी_नाशिककर (१५ जून, पहाटे ४.२०)

मी मूळचा गंगापूर रोडचा, सध्या अमेरिकेत राहतो आणि नऊ वर्षांपासून माझ्याकडे एक कॉर्न स्नेक आहे. आमच्या मुलीने त्याचे नाव मका ठेवले आहे. ओझरचा_मुसाफिर यांनी ज्या चित्रफितींचा उल्लेख केला, त्या बहुधा याच जातीच्या किंवा तिच्या भाईबंदांच्या असाव्यात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट म्हणजे इंग्रजीत दोघांनाही रॅट स्नेक म्हणत असले तरी तो निव्वळ नावाचा सारखेपणा आहे. अमेरिकेतील कॉर्न स्नेक पँथेरोफिस या प्रजातीचा आहे, आपली धामण टायास प्रजातीची. कॉर्न स्नेक तीन ते पाच फुटांचा, संथ, संध्याकाळी आणि रात्री बाहेर पडणारा, भक्ष्याला विळखा घालून मारणारा साप आहे. धामण सहा-सात फुटांपर्यंत सहज वाढते, दिवसा हिंडते आणि विळखा न घालता भक्ष्य जबड्याने पकडून, अंगाच्या भाराने जमिनीवर दाबून बहुधा जिवंतच गिळते. एकाच्या निगेचे नियम दुसऱ्याला लावले तर दुसरा मरतो.

दुसरी गोष्ट, मका कधीही रानात नव्हता. त्याच्या कित्येक पिढ्या माणसाच्या घरातच जन्मल्या आहेत. अंड्यातून बाहेर आल्यावर त्याने पहिले खाल्ले ते गोठवून ठेवलेले, केस न फुटलेले उंदराचे पिल्लू. त्याला काच, माणसाचा हात आणि मेलेला उंदीर यांखेरीज दुसरे जग ठाऊक नाही. असे असूनही त्याच्या निगेत किती बारकावे आहेत ते पाहा. पेटी चार फूट लांब, दोन फूट रुंद. एका टोकाला जमिनीचे तापमान ३० अंशांच्या आसपास, दुसऱ्या टोकाला २५, कारण साप स्वतःच्या अंगात उष्णता निर्माण करू शकत नाही आणि पचनासाठी त्याला उबेकडे व थंडाव्याकडे सरकण्याची सोय लागते. उष्णता देणारी गादी थर्मोस्टॅटवर, म्हणजे तापमान ठरलेल्या मर्यादेत ठेवणाऱ्या उपकरणावर चालते. माझ्याकडे पहिल्याच वर्षी तो बिघडला होता आणि मी संध्याकाळी हात लावून पाहिला नसता तर मका पोटाखाली भाजला असता. दोन्ही टोकांना लपण्याची जागा हवी, नाही तर भित्रा साप ऊब सोडून लपणच निवडतो आणि मग त्याला अन्न पचत नाही. हवेतील ओलावा ४० ते ६० टक्के. खाणे दहा-बारा दिवसांतून एकदा, अंगाच्या सर्वांत जाड भागाइतक्याच जाडीचा उंदीर, रात्रभर फ्रीजमध्ये वितळवून मग पिशवीत घालून गरम पाण्यात कोमट केलेला. त्यानंतर दोन दिवस हात लावायचा नाही.

कात टाकण्याआधी त्याचे डोळे निळसर दुधाळ होतात, तेव्हा त्याला नीट दिसत नाही आणि तो चिडका होतो. त्या आठवड्यात त्याला एकटे सोडावे लागते. कात डोळ्यांवरच्या पारदर्शक खवल्यासह अखंड उतरली की नाही, हे मी दर वेळी खिडकीशी धरून पाहतो. तेथे भिंगासारख्या दोन गोल चकत्या दिसल्या म्हणजे निश्चिंत व्हायचे. पेटीचे झाकण कुलपाचे आहे. हाताळण्यापूर्वी आणि नंतर साबणाने हात धुणे आम्ही मुलीला पाढ्यांसारखे शिकवले, कारण सरपटणाऱ्या प्राण्यांच्या विष्ठेत साल्मोनेला जंतू असतात. आणि हे एक-दोन वर्षांचे काम नव्हे, कॉर्न स्नेक पंधरा ते वीस वर्षे जगतो.

आणखी एक सांगतो. रानातील साप उचलून घरी आणणे येथेही चांगले मानत नाहीत. जॉर्जिया राज्यात तर तेथील मूळच्या बिनविषारी सापांनाही घरी ठेवायला बंदी आहे.

निफाडकर (१५ जून, सकाळी ७.१०)

आमची निफाडला द्राक्षबाग आहे. माझे वडील धामणीला "राखणदार" म्हणत. बागेत उंदीर-घुशी झाल्या की ठिबकच्या नळ्या कुरतडल्या जातात, बांधाला बिळे पडून पाणी फुटते. धामण त्या बिळांत शिरू शकते, मांजर शिरू शकत नाही. म्हणूनच तुम्ही म्हणता तो "शेतकऱ्याचा मित्र" पेटीत ठेवून उपयोगाचा नाही, तो बांधावर हवा.

परंतु आपण शेतकरीच तिला मारतो, हे ओझरच्या दादांचे म्हणणे खरे आहे. रंग पिवळसर तपकिरी आणि चाल भरधाव असल्यामुळे लोक तिला नाग समजतात. आमच्याकडे अजूनही असे मानतात की धामण ही नागाची मादी. मी लहानपणी उन्हाळ्याच्या शेवटी दोन धामणी एकमेकींना वेढे घालून कमरेइतक्या उंच उठलेल्या पाहिल्या आहेत. आजीने त्यांच्यावर पांढरे वस्त्र टाकायला लावले होते, नाग-नागिणीची जोडी म्हणून.

गोदाकाठ (१५ जून, सकाळी ७.४५)

निफाडकर, तुम्ही पाहिले ते मीलन नसून दोन नरांची झुंज होती. दोघे मान उंचावून एकमेकांना जमिनीवर दाबण्याचा प्रयत्न करतात, चावत नाहीत, आणि हरलेला निघून जातो. नाग आणि धामण या वेगवेगळ्या कुळांतील जाती आहेत, त्यांचा संकर होत नाही.

ओळखण्यासाठी एक खूण सांगतो. धामणीच्या ओठांच्या खवल्यांवर उभ्या काळ्या रेघा असतात, जणू कोणी बोरूने आखल्या आहेत. डोळा मोठा आणि बाहुली गोल असते. चिडली की ती गळा बाजूने चपटा करून फुगवते आणि कुत्रा दबक्या आवाजात गुरगुरावा तसा आवाज काढते. नागासारखा पसरट फणा तिला काढता येत नाही.

चारुशीला_देवळाली (१५ जून, सकाळी ८.३०)

धामण गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते आणि शेपटीने मारले तर माणूस लुळा पडतो, असे आमच्या घरी सांगत. यात काही तथ्य आहे का?

पशुवैद्य_सिन्नर (१५ जून, सकाळी ९.०२)

चारुशीलाताई, मुळीच नाही. सापाला ओठांनी चोखता येत नाही, त्याचे मागे वळलेले तीक्ष्ण दात सडाला लागले तर गाय एक क्षणही उभी राहणार नाही. सापाला दूध पचतही नाही. नागपंचमीच्या सुमारास पाण्यावाचून तहानलेला ठेवलेला साप दूधच काय, समोर येईल ते द्रव पितो, आणि त्यातून आजारी पडतो. धामणीच्या शेपटीत काटा किंवा विष काहीही नाही. पकडल्यावर ती शेपटी जोरात आपटते, त्यावरून ही समजूत निघाली असावी.

सुनंदाताई, आपण फोन केला का?

सुनंदा_मखमलाबाद (१५ जून, सकाळी ९.४०)

अजून केलेला नाही. भाचा रात्रभर झोपला नाही. मला खरे विचाराल तर भीतीही वाटते. एकवीस दिवस घरी ठेवली हे सांगितल्यावर मुलावर गुन्हा तर दाखल होणार नाही ना? आणखी एक शंका आहे. वाघ, बिबट्या यांचे समजू शकते, पण धामण तर जागोजागी दिसते. तिच्यासाठी इतका कडक कायदा का?

कायदेपंडिता (१५ जून, सकाळी १०.१५)

मी नाशिकच्या न्यायालयात वकिली करते. प्रश्न गंभीर असल्यामुळे स्पष्ट लिहिते.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ साली आला. त्यात "शिकार" या शब्दाच्या व्याख्येतच प्राणी पकडणे येते, आणि सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी फोडणे किंवा हलवणेही येते. २०२२ च्या दुरुस्तीनंतर, म्हणजे १ एप्रिल २०२३ पासून, धामण अनुसूची १ मध्ये, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत आहे. त्यापूर्वी ती अनुसूची २ मध्ये होती. अनुसूची १ मधील प्राण्याच्या गुन्ह्याला किमान तीन आणि कमाल सात वर्षे कारावास आणि किमान २५,००० रुपये दंड आहे. प्रेमाने पाळला, उपचारासाठी ठेवला, या कारणाने खासगी व्यक्तीला असा प्राणी स्वतःकडे ठेवण्याचा हक्क मिळत नाही.

कडक कायदा का, याचे उत्तर इतिहासात आहे. धामणीचे कातडे मोठे, मजबूत आणि सहज मिळणारे असल्यामुळे पट्टे, पाकिटे, पादत्राणे यांसाठी त्याचा प्रचंड व्यापार होत असे. १९७६ साली सर्पचर्माच्या निर्यातीवर बंदी आली, तोवर तमिळनाडूतील इरुळा समाजाची कित्येक कुटुंबे साप पकडून कातडी विकण्यावर जगत होती. पुढे १९७८ मध्ये त्यांची सहकारी संस्था उभी राहिली आणि तेच कसब प्रतिसर्पविषासाठी (सर्पदंशावरील औषधासाठी) विष काढण्याच्या कामी आले. वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स (CITES) करारातही धामण परिशिष्ट २ मध्ये आहे. जी जात सर्वत्र दिसते, ती पकडणेही सर्वांत सोपे असते, म्हणून तिला संरक्षण लागते.

आता तुमच्या भीतीविषयी. तुम्ही स्वतःहून फोन करून खरी तारीख, जागा, जाळीचा गुंडाळा आणि भाच्याची वही हे सर्व जसेच्या तसे पुढे ठेवा. एकही दिवस कमी करून सांगू नका. स्वतःहून जखमी प्राणी सुपूर्द करणे आणि कोणाच्या तक्रारीवरून तो घरात सापडणे, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. प्रत्येक जाणारा दिवस तुमची बाजू दुबळी करतो.

ओझरचा_मुसाफिर (१५ जून, सकाळी १०.४०)

ताई, मग प्राणिसंग्रहालये कशी ठेवतात? पुण्यात कात्रजला मी स्वतः धामण पाहिली आहे. शिवाय लोक घरात बॉल पायथन ठेवतात, ते कसे चालते?

कायदेपंडिता (१५ जून, सकाळी ११.००)

प्राणिसंग्रहालयाला केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची मान्यता लागते. तेथे पशुवैद्यक, विलगीकरणाची जागा आणि प्रत्येक प्राण्याची नोंदवही असते. बॉल पायथन आफ्रिकेतील जात आहे. अशा साइट्स परिशिष्टातील विदेशी प्राण्यांच्या मालकांना २०२४ च्या नियमांनुसार नोंदणी करावी लागते. आपल्या रानातील सापाला ती वाट मुळीच खुली नाही.

दूरदेशी_नाशिककर (१५ जून, सकाळी ११.२५)

मुसाफिर, तुमची कळकळ मला समजते, कारण तुमच्या वयाचा असताना मीही गंगापूर धरणाच्या कडेने पाणसापांमागे हिंडत असे. जी भूक मका भागवतो, ती सापाला जवळून पाहण्याची माझी भूक आहे. तिचा सापाच्या गरजेशी संबंध नाही, हे मला नऊ वर्षे त्याची निगा राखूनच कळले.

सुनंदा_मखमलाबाद (१५ जून, सायंकाळी ६.३०)

दुपारी फोन केला. साडेतीन वाजता वनरक्षक आणि त्यांच्याबरोबर एक सर्पमित्र आले. आवाज न चढवता सर्व विचारले, लिहून घेतले, पंचनामा केला. भाच्याने वही पुढे केली, ती त्यांनी पहिल्या पानापासून वाचली. धामणीला त्यांनी सुती पिशवीत घेतले, पिशवी हवेशीर डब्यात ठेवली. मुलगा फाटकापर्यंत गेला आणि परत येऊन रिकामी पेटी धुऊ लागला. मी त्याला काही बोलले नाही.

जवळच्या उपचार केंद्रात ठेवून बरी झाल्यावर सोडणार आहेत. माझी विनंती होती की पुन्हा आमच्या शिवारातच सोडावी. हे योग्य आहे का?

गोदाकाठ (१५ जून, रात्री ९.१५)

ताई, अगदी योग्य विनंती केलीत. साप जेथे सापडला त्याच परिसरात सोडावा, हेच तत्त्व आहे. धामणीला तिच्या शिवारातील बिळे, पाणवठे, उन्हाची आणि लपण्याची जागा पाठ असते. कित्येक जण भल्या हेतूने पकडलेला साप दूर त्र्यंबकच्या डोंगरात नेऊन सोडतात. अनोळखी मुलखात तो निवारा शोधत उघड्यावर भटकतो आणि गाडीखाली किंवा घारीच्या तोंडी जातो.

जाता जाता एक विनंती सर्वांना करतो, विषय जवळचाच आहे. गोदामात उंदरांसाठी चिकट पट्ट्या लावू नका. पट्टीवर अडकलेला उंदीर धडपडतो, त्या हालचालीने धामण येते आणि तीही अडकते. मागच्या पावसाळ्यात आडगावच्या एका गोदामात मी अशी धामण सोडवली. खाद्यतेल बोटाने खवल्यांच्या दिशेने, म्हणजे डोक्याकडून शेपटीकडे चोळत एकेक इंच मोकळा करावा लागतो. उलट चोळले तर खवले उपटतात. तिच्या पोटाचे अकरा खवले तरीही त्या गोंदावर राहिले.

ओझरचा_मुसाफिर (१६ जून, सकाळी ८.०५)

आमच्या दुकानाच्या मागे तीन चिकट पट्ट्या होत्या. काल रात्री काढून पिंजरे लावले. गोदाकाठ सर, तुमच्याबरोबर एखाद्या दिवशी यायला मिळेल का? पकडायला नाही, पाहायला आणि शिकायला.

गोदाकाठ (१६ जून, सकाळी ८.२०)

अवश्य या. पूर्ण बूट घालून या. पहिले सहा महिने काठीला हात लावायचा नाही, जमलेली गर्दी मागे हटवायची आणि लोकांशी बोलायचे. तेच काम सर्वांत अवघड आहे.

सुनंदा_मखमलाबाद (८ जुलै, दुपारी १.१०)

मंडळी, आज सकाळी तिला सोडले. आम्हांला निरोप आला होता, भाचाही शाळेला उशीर करून आला. उपचार केंद्रातील डॉक्टरांनी सांगितले की पहिले आठ दिवस तिला फक्त पाणी दिले, अंधारी शांत पेटी दिली आणि जखमेखाली राहिलेला दोऱ्याचा एक तुकडा काढला. आमच्या कात्रीतून तो निसटला होता आणि आम्हांला दिसलाच नव्हता. दहाव्या दिवशी समोर ठेवलेला मेलेला उंदीर तिने रात्रीतून खाल्ला. २ जुलैला कात टाकली. नवीन खवल्यांत जाळीचे दोन्ही वळ फिक्या रेघांसारखे दिसतात, आणि नाकाचा खवला पुरता आला नसला तरी कोरडा आहे.

बांधाच्या वरच्या अंगाला, करंजाच्या झाडाखाली पिशवी जमिनीवर ठेवून तोंड मोकळे केले. ती क्षणभर थांबली, दोन वेळा जीभ बाहेर काढली, आणि मग मला वाटते तीन सेकंदही लागले नसतील, दगडांच्या रचाईत शेपटीसकट दिसेनाशी झाली. तीन आठवडे जो साप आमच्या घरी शांत होता असे मी समजत होते, तो हाच, हे खरे वाटेना. भाच्याने वहीत वेळ लिहिली, सात वाजून अठ्ठावीस मिनिटे.

आता माझा प्रश्न निगेचाच आहे, पण पेटीतल्या नव्हे. जाळीचे जुने गुंडाळे आमच्याकडे अजून चार आहेत, आणि शेजारच्या प्रत्येक बागेत आहेत. जाळल्यास धूर होतो, भंगारवाला घेत नाही. काय करावे?

निफाडकर (८ जुलै, दुपारी २.४५)

ताई, आम्ही माल उतरला की जाळी त्याच आठवड्यात उतरवतो, घट्ट गुंडाळून सुतळीने तीन ठिकाणी बांधतो आणि पत्र्याच्या शेडमध्ये आढ्याला टांगतो, जमिनीवर ठेवत नाही. फाटलेली असेल तर तिचे हातभर तुकडे करून गोणीत भरून गोणीचे तोंड शिवतो. मोकळा फास राहिला नाही की साप अडकत नाही. आमच्या गटात चाळीस बागायतदार आहेत. येत्या रविवारी बैठक आहे, तेथे मी हा विषय मांडतो. जाळीत अडकलेल्या धामणीचे तुमच्याकडे छायाचित्र असेल तर पाठवा, सांगण्यापेक्षा दाखवलेले लवकर पटते.

सुनंदा_मखमलाबाद (८ जुलै, दुपारी ३.२०)

छायाचित्र नाही, त्या पाऊण तासात कोणाला सुचले नाही. भाच्याने पहिल्या पानावर तिचे चित्र काढले आहे, दोरे कोठे रुतले होते ते लाल पेनने दाखवले आहे. तो म्हणतो की बैठकीला वही घेऊन तो स्वतः येईल.